छात्राध्यापिका म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांच्या परिषदेला जाऊन आले - अनुभव आणि एक प्रश्न

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी. इथे बरेच शिक्षक आहेत म्हणून लिहितेय. मी बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड (म्हणजे शिकवायचा विषय) इंग्रजी. मागच्या आठवड्यात इंग्रजी शिकवणाऱ्यांची दोन दिवसांची परिषद होती. आमच्या वर्गातून आम्ही तिघी गेलो, त्यातल्या दोघी पहिल्या दिवशी दुपारनंतर गायब झाल्या, उरले मी एकटी.

गळ्यात अडकवायला कार्ड दिलं होतं, त्यावर नावाखाली ठळक अक्षरात 'स्टुडंट टीचर'. लोक आधी कार्ड वाचायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि मग माझ्या मागे दुसरं कोणी उभं आहे का ते बघायचे. दुसऱ्या दिवशी मी कार्ड उलटं करून घातलं तर दारावरच्या काकांनी अडवलं.

पहिलंच सत्र होतं 'विद्यार्थ्यांना बोलतं कसं करावं'. एका तासाच्या सत्रात वक्ते ५२ मिनिटं स्वतःच बोलले (घड्याळ लावून मोजलं, दुसरं काही करायला नव्हतं). शेवटी "एनी क्वेश्चन्स?" आणि त्याच श्वासात "थँक्यू". माझा हात अर्धाच वर गेला होता, तो मी केस नीट करतेय असं दाखवून खाली आणला.

मग एका वर्कशॉपला बसले, ते मात्र अजून डोक्यातून जात नाहीये. घेणाऱ्या मॅडमनी एक छोटा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचला. सगळं लिहून घ्यायचं नाही, फक्त महत्त्वाचे शब्द टिपायचे, आणि मग चौघांनी मिळून तो उतारा परत उभा करायचा. माझ्या गटात २६ वर्षं शिकवलेल्या एक बाई, एक प्राध्यापक, फक्त फोटो काढणारे एक सर आणि मी. एका ठिकाणी 'बॅग' च्या आधी 'अ' की 'द' यावरून आमचं इतकं वाजलं की शेजारचा गट थांबून बघायला लागला. बाईंनी एकदम माझ्याकडे वळून विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं 'द'. का? ते सांगता येईना. बाई म्हणाल्या, "मलाही नाही सांगता येत गं, पण तुझंच बरोबर वाटतंय." २६ वर्षं!

आणखी एक. एका सरांना मी धीर करून म्हणाले, "सर, आय वाँट टु डिस्कस अबाउट युअर पेपर." ते हसून म्हणाले, "शुअर, लेट्स डिस्कस इट." रात्री झोपताना लक्षात आलं की त्यांनी माझं 'अबाउट' गुपचूप काढून टाकलं होतं. पांघरूण डोक्यावरून घेतलं.

तर आता माझ्याकडे ११ पानं नोट्स, एक सर्टिफिकेट आणि प्रकाशकांच्या कॅटलॉगचा गठ्ठा आहे. सराव पाठ दहा दिवसांवर आलेत. मार्गदर्शक मॅडम म्हणतात, परिषदेतलं खूळ इथे आणू नकोस, टाचणं (पाठांचे आराखडे) पूर्ण कर. मला खरंच विचारायचंय, विद्यार्थी असताना परिषदेला जाऊन काही उपयोग असतो का? की चार-पाच वर्षं शिकवून झाल्यावर जायला हवं?

मागचा बाक
५२ मिनिटं म्हणजे काहीच नाही. मी 'टाइम मॅनेजमेंट इन द क्लासरूम' या सत्राला होतो, ते ४० मिनिटं उशिरा सुरू झालं.

निळी शाई
छान लिहिलंयस गं. केस नीट करणारा हात अगदी डोळ्यासमोर आला. वाचतेय.

तिरकस
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. उपयोग शून्य. अशा परिषदांना तीन प्रकारची माणसं येतात, ज्यांना सर्टिफिकेट हवंय, ज्यांना पेपर वाचल्याची नोंद हवीय, आणि ज्यांना पुस्तकं विकायचीयत. चौथा प्रकार म्हणजे तुमच्यासारखे, खरंच काही शिकायला आलेले, त्यांचं वय वाढलं की ते वरच्या तीनांपैकी एकात जातात. मी पहिल्यातून दुसऱ्यात गेलोय.

खडूधूळ
तिरकसराव, तुम्ही दरवर्षी हेच लिहिता आणि दरवर्षी जाताही.

कोरी_पाटी, माझी शिकवण्यातली बावीस वर्षं झाली. पहिल्या परिषदेला गेले तेव्हा नोकरीला सहा वर्षं झालेली, आणि मला वाटतं उशीर झाला. तोपर्यंत माझ्या सवयी पक्क्या झाल्या होत्या. कोणी काही नवीन सांगितलं की मनात पहिलं वाक्य यायचं "हे आमच्या वर्गात नाही चालणार". तुझ्याकडे अजून "आमचा वर्ग" नाहीये, ही कमतरता नाही, सोय आहे. शिवाय विद्यार्थ्यांना फीत सवलत मिळते ती नोकरी लागली की संपते, हे व्यावहारिक कारण वेगळंच.

आणि ते 'आमच्या वर्गात साठ मुलं आहेत, हे कसं करायचं' कोणी विचारलं की नाही?

कोरी_पाटी
@खडूधूळ ताई, विचारलं ना! प्रत्येक सत्रात! एकाच सरांनी चार वेळा. शेवटच्या सत्रात त्यांनी हात वर केल्यावर लोक आधीच हसायला लागले.

मागचा बाक
ते परिषदेचं राष्ट्रगीत आहे. उभं राहायचं असतं.

अल्पविराम
मी शिक्षक-प्रशिक्षणात आहे, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तू केलंस त्याला डिक्टोग्लॉस म्हणतात. रूथ वाइनरिब या बाईंच्या १९९० च्या पुस्तकामुळे ते सगळीकडे पोचलं. दिसायला श्रुतलेखनासारखं, पण श्रुतलेखनात मुलं कानावर पडेल ते उतरवतात आणि इथे उतरवायला वेळच मिळत नाही, अर्थ लक्षात ठेवून वाक्यं स्वतः बांधावी लागतात. बांधताना आपल्याला काय येत नाही ते उघडं पडतं. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की भाषा नुसती ऐकून-वाचून पुरत नाही, स्वतः बोलायला लिहायला गेलो की पोकळी जाणवते. तुमच्या गटाला तेच झालं. २६ वर्षांच्या बाईंना वापर येतो, नियम शब्दात पकडता येत नाही, यात त्यांना कमीपणा नाही, बहुतेकांचं असंच असतं.

'डिस्कस अबाउट' चं पण सांगतो. सरांनी जे केलं त्याला रीकास्ट म्हणतात, म्हणजे चूक न दाखवता तेच वाक्य बरोबर करून परत म्हणायचं. लिस्टर आणि रांता या दोघांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास छापला. तिथले शिक्षक चूक सुधारताना ५५ टक्के वेळा हीच तऱ्हा वापरत होते, आणि मुलांकडून त्यावर काही प्रतिसाद यायचा तो जेमतेम ३१ टक्के वेळा. बाकीच्या वेळी मुलांना बहुधा कळायचंच नाही की काही सुधारलंय, त्यांना वाटायचं सर हो म्हणतायत. तुला रात्री का होईना कळलं.

निळी शाई
बापरे म्हणजे मी वर्गात दिवसभर मुलांची वाक्यं नीट करून म्हणते ते सगळं वाऱ्यावर?

अल्पविराम
@निळी शाई, वाऱ्यावर नाही हो. पण अधूनमधून थांबून "परत म्हण बरं" म्हणून पाहा. त्याच अभ्यासात मुलाला स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करायला लावणाऱ्या तऱ्हांना प्रतिसाद कितीतरी जास्त होता.

तिरकस
हे सगळं घरी बसून वाचता येतं की. परिषदेला कशाला जायचं?

जुनी वही
तिरकस यांच्याशी निम्मी सहमत. वाचता येतं, पण काय वाचायचं ते कुठून कळणार? कोरी_पाटीला त्या खेळाचं नावही माहीत नव्हतं.

माझा अनुभव जरा वेगळा आहे. मीही विद्यार्थी असतानाच गेले होते आणि त्यातून नुकसान झालं असं मला वाटतं. 'लर्निंग स्टाइल्स' वर झकास सत्र होतं, कोण डोळ्यांनी शिकतं, कोण कानांनी, कोण हातांनी, सगळ्यांनी प्रश्नावली भरली, मी 'दृश्य' निघाले, धन्य झाले. नंतर दोन वर्षं मी वर्गाचे तीन गट पाडून तीन तऱ्हेची टाचणं काढत होते, रात्र रात्र जागून. मग कळलं की २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी सगळं संशोधन चाळून सांगितलंय की स्टाइल ओळखून तसं शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावाच नाही. माझ्या दोन वर्षांच्या झोपेचं काय? नवख्या माणसाला स्टेजवरून जे सांगतील ते खरं वाटतं हो, तेव्हा अजून चाळणी तयार झालेली नसते.

खडूधूळ
@जुनी वही, पटलं, पण चाळणी तयार व्हायला चार फसव्या गोष्टी हातात पडाव्याच लागतात. आणि दोन वर्षं तुम्ही एकच गोष्ट तीन तऱ्हांनी समजावत होतात, ते थोडंच फुकट गेलं असेल.

जुनी वही
झोप फुकट गेली.

उगाचच
मी शिक्षक नाही, बायको इंग्रजी शिकवते. ती परिषदेहून आली की आठवडाभर घरातल्या सगळ्यांना गटात बसवते. मुलगा म्हणतो आई परत कधी जाणार म्हणजे मी आधी मामाकडे जातो.

मागचा बाक
@उगाचच, तुमचा गट कोणता?

उगाचच
ऐकणारा.

घंटा वाजली
मला वाटतं सत्रं निवडायला चुकतंय. माझी पद्धत सांगते. नावात 'इनोव्हेटिव्ह' आणि '२१ व्या शतकातील' असं एकत्र असेल तर जायचं नाही. वक्त्याच्या नावापुढे कंपनीचं नाव असेल तर दाराजवळ बसायचं. सगळ्यात लहान खोलीत जे असेल तिथे जायचं, कारण तिथे बहुतेक कोणीतरी शाळेतलं शिक्षक आपल्या एका वर्गात काय घडलं ते सांगत असतं, हात थरथरत असतात, स्लाइड उलट्यासुलट्या होतात, पण त्यांनी ते खरंच केलेलं असतं. पोस्टर (आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून लावतात ते) असतात तिथे तर जायचंच. पोस्टरजवळचा माणूस एकटा उभा असतो, कोणी विचारलं की त्याला इतका आनंद होतो की तो सगळं सांगतो, काय फसलं ते पण.

तिरकस
घंटा वाजली, 'दाराजवळ बसायचं' याला माझे पाच तारे.

अल्पविराम
मूळ प्रश्नाकडे येतो. डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक मुद्दा मांडला होता, की शिक्षकाचा पेशा असा आहे ज्यात माणूस शिकाऊ उमेदवार म्हणून लहानपणापासूनच बसलेला असतो. शाळा संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांना बघतो, असा त्याचा हिशोब. पण बघतो ते बाकावरून. शिक्षक फळ्याशी काय करतो ते दिसतं, आदल्या रात्री काय खोडलं ते दिसत नाही. मग बीएडला येऊनही आपण आपल्या आवडत्या बाईंचीच नक्कल करतो. म्हणून मी म्हणेन, ज्या गटात २६ वर्षांच्या बाईंनी "मलाही नाही सांगता येत" म्हटलं, तिथे तुला त्या १३,००० तासांत न दिसलेलं काहीतरी दिसलं. ते पाच वर्षांनी बघण्यापेक्षा आता बघितलेलं बरं.

'आमच्या वर्गात चालेल का' वाल्यांसाठी, इंग्रजी अध्यापनातले तज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ मध्ये दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं असलं काही देऊन कोडी सोडवायला लावली आणि इंग्रजी त्यातून येऊ दिलं. पुढे १९९० मध्ये त्यांनीच लिहिलं की सर्वात चांगली पद्धत कोणती हा प्रश्नच चुकीचा आहे, शिक्षकाला आपण करतोय ते आतून पटलेलं असणं जास्त मोलाचं. पद्धत शोधणाऱ्याने असं म्हणावं, हे मला फार आवडतं.

निळी शाई
पण "आतून पटणं" या नावाखाली आमच्याकडे एक सर तीस वर्षं गाइड वाचून दाखवतायत. त्यांना आतून फार पटलेलं आहे.

अल्पविराम
:) प्रभूंना नेमकी त्याचीच काळजी होती. यंत्रासारखं शिकवणं हाच खरा शत्रू असं ते म्हणतात. पटलेलं जिवंत राहायला हवं, चार लोकांशी बोलून बदलत राहायला हवं.

घंटा वाजली
चार लोकांशी बोलून म्हणजे परिषद की!

तिरकस
म्हणजे धागा. फी नाही, सर्टिफिकेट नाही, ५२ मिनिटांचं भाषण नाही (अल्पविराम यांचे प्रतिसाद सोडून).

अल्पविराम
घ्या. आता गप्प बसतो. फक्त "एनी क्वेश्चन्स, थँक्यू" बद्दल राहिलं होतं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचं रेकॉर्डिंग करून १९७० च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे किती ते वर्गात उभं राहून मोजा, फार मोठे असतात. आता खरंच गप्प.

मागचा बाक
(तीन सेकंद थांबलो.)

खडूधूळ
अवांतर होतंय पण सांगते. अमेरिकेतली इंग्रजी शिक्षकांची जी मोठी संघटना आहे ती १९११ साली स्थापन झाली, तीच मुळी कॉलेजप्रवेशासाठी शाळांवर लादलेल्या पुस्तकांच्या याद्यांविरुद्ध तक्रार म्हणून. त्यामुळे साठ मुलांवाल्या सरांना हसू नका, ते परंपरा चालवतायत.

कोरी_पाटी, ११ पानं नोट्स फाइलला लावून टाक. त्यातली एकच गोष्ट घे, तुला स्वतःला मजा आली ती, आणि सराव पाठात कर. दोन नाही, एक. आणि काय झालं ते इथे येऊन सांग, नाहीतर आम्ही तिरकस यांचं ऐकू.

कोरी_पाटी
सगळ्यांचे खूप आभार. डिक्टोग्लॉसच करणार. मॅडमना 'श्रुतलेखन (गटकार्य)' म्हणून सांगणार आहे, तेवढं खोटं चालेल ना?

तिरकस
हिला दुसऱ्या प्रकारात टाका रे, झाली तयार.

कोरी_पाटी
धागा वर काढतेय, बारा दिवस झाले. अहवाल देते.

पहिला पाठ साफ फसला. उतारा दहा ओळींचा घेतला, तिथेच चुकलं. मुलं लिहून घ्यायला धडपडायला लागली, मला दया आली म्हणून मी हळू वाचलं, अजून हळू वाचलं, शेवटी शब्द शब्द सुटा करून वाचत होते आणि ते चक्क श्रुतलेखन झालं. म्हणजे मॅडमना सांगितलेलं खोटं खरं ठरलं. गटात प्रत्येकाकडे सगळाच उतारा लिहिलेला, मग बोलायचं कशाला. एक मुलगा शांतपणे वहीच्या मागच्या पानावर विमान काढत होता, चांगलं काढलं होतं.

दुसऱ्या वर्गावर परत केला. या वेळी चारच वाक्यं. एक कुत्रा वर्गात येतो, कुत्रा दाराजवळ बसतो, बाई हळूच दार उघडतात, कुत्रा जात नाही. आधी सगळ्यांची पेनं खाली ठेवायला लावली, एकदा नुसतं ऐकवलं, दुसऱ्यांदा शब्द टिपायला सांगितले, आणि वेग अजिबात कमी केला नाही, ओठ चावून उभी राहिले. पाच मिनिटं गोंधळ, "मॅडम परत वाचा", मी नाही वाचलं. मग गट भांडायला लागले.

आणि एका गटात नेमकं तेच, 'अ डॉग' की 'द डॉग'! एक मुलगा म्हणत होता दोन्हीकडे 'अ' लिही, कुत्रा एकच आहे ना, अ म्हणजे एक. मी बोलायला तोंड उघडलं आणि मग अल्पविराम सरांचे तीन सेकंद आठवले, गप्प राहिले. (तीन सेकंद खरंच फार मोठे असतात.) तेवढ्यात त्याच गटातली एक मुलगी, जी मागच्या पाठात एकदाही बोलली नव्हती, म्हणाली, "अरे पण दुसऱ्या वाक्यात पण 'अ डॉग' लिहिलं तर दोन कुत्री होतील ना वर्गात."

मी पुस्तकातला नियम पाठ करून गेले होते, पहिल्यांदा उल्लेख, दुसऱ्यांदा उल्लेख वगैरे. तो सांगायची वेळच आली नाही. तिने वर्गात दोन कुत्री आणून सोडली आणि सगळ्यांना कळलं. मलाही तेव्हाच कळलं की त्या दिवशी मी बाईंना 'द' का म्हणाले होते, आमच्या उताऱ्यात ती बॅग आधीच्या ओळीत येऊन गेली होती.

मॅडमचा निरीक्षण शेरा : "वर्गनियंत्रण कमी. गोंगाट. फलकलेखन अपूर्ण. उद्दिष्ट साध्य." शेवटचे दोन शब्द मी चार वेळा वाचले.

निळी शाई
अगं!! अंगावर काटा आला. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी दे.

जुनी वही
फलकलेखन अपूर्ण :)) आमच्याही शेऱ्यात हेच असायचं. फळा कधी पूर्ण भरला की "फलकलेखन अति".

तिरकस
ठीक आहे. हे वाचून कळलं नसतं, मान्य. एका परिषदेपुरतं मान्य.

खडूधूळ
तिरकसरावांचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कोरी_पाटी, तो पहिला फसलेला पाठ पण नीट लिहून ठेव हं, हळू हळू वाचत गेलीस तो. मला विचारशील तर तोच जास्त कामाचा आहे, आम्ही सगळे तिथेच घसरतो.

घंटा वाजली
पुढच्या परिषदेला पोस्टर लाव याचं! विद्यार्थ्यांची पोस्टर घेतात बऱ्याच ठिकाणी, सारांश छोटा मागतात. फसलेला पाठ डावीकडे, दुसरा उजवीकडे, मध्ये ती मुलगी काय म्हणाली ते मोठ्या अक्षरात. आणि कार्ड सरळ घाल या वेळी.

कोरी_पाटी
@घंटा वाजली, भीती वाटते हो. कोणी येऊन विचारलं की साठ मुलांच्या वर्गात कसं करायचं तर?

मागचा बाक
उभी राहा.

उगाचच
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते पोस्टरचं नाव 'दोन कुत्री' ठेव, इंग्रजीत. मुलगा विचारतोय 'टू डॉग्ज' की 'द टू डॉग्ज'. आता घरात गट पडलेत, मी परत ऐकणाऱ्यात.